किती जळालं, हे कळलं कसं?

जानेवारी २०१३ च्या अखेरीस मालीमधल्या टिंबक्टू शहरातून बातमी आली की अतिरेक्यांनी पळून जाता जाता तिथलं हस्तलिखितांचं ग्रंथालय पेटवून दिलं. शहराचे महापौर तेव्हा शेकडो किलोमीटर दूर, राजधानी बामाकोत होते. कानावर आलं ते त्यांनी पत्रकारांना सांगितलं आणि जगभर 'सगळं जळालं' असं छापून आलं. फ्रेंच आणि मालीचं सैन्य शहरात शिरल्यावर लोक त्या इमारतीत पोचले. तिथं राख होती, रिकामी खोकी होती, अर्धवट जळलेली कातडी वेष्टनं होती. पण तळघरातल्या एका अंधाऱ्या खोलीत दहा हजारांहून जास्त हस्तलिखितं जशीच्या तशी होती. तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मग रीतसर मोजदाद झाली. गेलेली हस्तलिखितं ४,२०३.

मला त्या आगीपेक्षा हा आकडा जास्त बोलका वाटतो. राखेतून कागद मोजता येत नाहीत. आधी काय काय होतं ते कुणीतरी बसून, नीट ओळीनं लिहून ठेवलेलं असेल, तरच नंतर वजाबाकी करता येते. ते ग्रंथालय चालवणारी संस्था चाळीस वर्षं काय करत होती, असं कुणी विचारलं तर निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

संस्थेचं नाव लांबलचक आहे: अहमद बाबा उच्च इस्लामी अध्ययन व संशोधन संस्था. सगळे म्हणतात अहमद बाबा संस्था. माली सरकारनं १९७३ मध्ये ती सुरू केली. त्याआधी १९६७ मध्ये युनेस्कोनं आफ्रिकेच्या इतिहासाची साधनं गोळा करण्यासाठी तज्ज्ञांची बैठक बोलावली होती आणि टिंबक्टूला असं केंद्र हवं, अशी शिफारस तिथं झाली होती. पहिले संचालक महमूद झुबेर हे इतिहासकार, आणि त्यांच्या अभ्यासाचा विषयही अहमद बाबाच.

हा अहमद बाबा कोण, ते आधी पाहू.

टिंबक्टू हे सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं, नायजर नदीच्या वळणाजवळचं गाव. साधारण ११०० च्या सुमारास तुआरेग भटक्यांच्या तळातून ते वाढलं. उत्तरेकडून उंटांच्या तांड्यांवर मीठ यायचं, दक्षिणेकडून होड्यांतून सोनं आणि धान्य. दोन्ही इथं भेटायचं. व्यापाऱ्यांबरोबर मौलवी आले, मौलवींबरोबर पुस्तकं आली. सोळाव्या शतकाच्या आरंभी इथं येऊन गेलेला प्रवासी लिओ आफ्रिकानस लिहितो की उत्तरेकडून येणाऱ्या हस्तलिखित पुस्तकांवर इथं जेवढा नफा होतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच मालावर होत नाही. सोन्याच्या बाजारपेठेत पुस्तकांना हा भाव होता.

इथं एक गैरसमज दूर केलेला बरा. 'टिंबक्टूचं प्राचीन विद्यापीठ' असा शब्दप्रयोग सर्रास होतो. तो ऐकून डोळ्यांपुढे प्रवेशद्वार, कुलगुरू, परीक्षा आणि पदवी असं चित्र येतं. तसं काही नव्हतं. सांकोरे मशिदीच्या परिसरात विद्वानांची घरं होती आणि शिकणं चालायचं ते गुरूच्या घरी, त्याच्या अंगणात किंवा मशिदीच्या ओसरीत. विद्यार्थी एक ग्रंथ घेऊन गुरूपुढे बसायचा, शब्द न् शब्द वाचून समजावून घ्यायचा आणि ग्रंथ पुरा झाला की गुरू त्याला 'इजाजा' द्यायचा. आपल्या ओळखीचा 'इजाजत' शब्द त्याच घरातला. हा ग्रंथ तू आता पुढे शिकवू शकतोस, अशी ती परवानगी. तिच्यात गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचं नाव अशी साखळी थेट मूळ लेखकापर्यंत नेलेली असायची. म्हणजे विद्या टिकायची ती माणसांच्या साखळीवर आणि त्यांच्या घरातल्या पुस्तकांवर. घराणी होती म्हणून ग्रंथसंग्रह होते.

अशाच अकित नावाच्या विद्वान घराण्यात अहमद बाबाचा जन्म १५५६ मध्ये झाला. तो मालिकी पंथाच्या धर्मशास्त्राचा, म्हणजे फिकहचा, मोठा जाणकार झाला. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाची फौज बंदुका घेऊन वाळवंट ओलांडून आली. तोंदिबीच्या लढाईत टिंबक्टूवर राज्य करणारं सोंघाई साम्राज्य कोसळलं. दोनेक वर्षांत टिंबक्टूच्या विद्वानांची धरपकड झाली आणि अहमद बाबाला बेड्या घालून मराकेशला नेलं. वाटेत उंटावरून पडून त्याचा पाय मोडला.

मराकेशात त्याला सुलतानापुढे उभं केलं, त्या प्रसंगाची हकिकत इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. सुलतान पडद्याआडून बोलत होता. अहमद बाबानं त्याला सुनावलं की पडद्याआडून बोलणं ही ईश्वराची रीत आहे. माझ्याशी बोलायचं असेल तर समोर या. आणि मग तक्रार केली: माझ्या घराण्यात सर्वांत कमी पुस्तकं माझ्याकडे होती, तरी तुमच्या शिपायांनी माझी १,६०० पुस्तकं नेली.

सर्वांत कमी, म्हणून १,६००. बाकीच्यांकडे किती होती, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

कैदेतून सुटला तरी त्याला गावी जाऊ दिलं नाही. मराकेशात तो शिकवू लागला. तिथं असताना त्यानं जो मोठा ग्रंथ लिहिला, तो मालिकी विद्वानांचा चरित्रकोश आहे: कोण होता, कुणाजवळ शिकला, काय लिहिलं, कधी वारला. पुस्तकं गेलेल्या माणसानं विद्वानांची यादी करायला घ्यावी, यात मला तरी योगायोग वाटत नाही. सुलतान वारल्यावर १६०८ च्या सुमारास तो टिंबक्टूला परतला आणि १६२७ मध्ये तिथंच वारला.

त्याला लोक काय काय विचारायचे? एक प्रश्न तंबाखूचा. अमेरिकेतून आलेली ही नवी चीज वाळवंटापर्यंत पोचली होती आणि ती हलाल की हराम यावर वाद पेटला होता. अहमद बाबानं निकाल दिला की तंबाखूनं शुद्ध हरपत नाही, तेव्हा चालेल. दुसरा प्रश्न फार गंभीर होता. १६१५ मध्ये तुवात या मरूद्यानातून विचारणा आली की सुदानातून, म्हणजे काळ्या लोकांच्या मुलुखातून, पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून विकत घ्यावीत का? त्यानं लिहिलं की माणसाचा रंग हा गुलामीचा आधार होऊ शकत नाही. बोर्नू, कानो, सोंघाई इथली माणसं आपखुशीनं मुसलमान झालेली आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही. हे वाचून त्याला आजचा मानवतावादी ठरवायचा मोह होतो. पण मुसलमान नसलेल्यांना गुलाम करणं त्यानं नाकारलेलं नाही. मूळ कागद जपलेला असला की माणूस असा पुरा दिसतो, गैरसोयीच्या बाजूसकट.

आता एक हस्तलिखित प्रत्यक्ष हातात घेऊ.

बाहेर बकरीच्या कातड्याचं वेष्टन, पाकिटासारखं, झडप असलेलं, वरून वादीनं बांधलेलं. वादी सोडली की आत सुटी पानं. शिवलेली नाहीत, चिकटवलेली नाहीत. पृष्ठांक नाहीत. मग पानं विस्कटली तर? त्याची सोय डाव्या कोपऱ्यात असते. उजवीकडच्या पानाच्या तळाशी, मजकुराच्या खाली एकच शब्द तिरका लिहिलेला दिसतो. पुढचं पान ज्या शब्दानं सुरू होणार, तोच हा शब्द. वाऱ्यानं पानं उडाली तरी शब्दाला शब्द जुळवत गड्डी पुन्हा लावता येते. जिथं जुळत नाही तिथं पान हरवलंय, हेही त्यावरूनच कळतं.

कागद उजेडासमोर धरला तर पुष्कळदा तीन चंद्रकोरींचं जलचिन्ह दिसतं. हा कागद इटलीत बनलेला. भूमध्य समुद्र ओलांडून त्रिपोलीला आणि तिथून तांड्याबरोबर वाळवंट पार करत टिंबक्टूला आलेला. कागद महाग, म्हणून समासही रिकामा सोडलेला नसतो. तिथं कुणी शिष्यानं टीप लिहिली आहे, त्या टिपेवर दुसऱ्यानं हरकत घेतली आहे. शाई बरेचदा काजळी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाची. अरबीत दौतीला 'दवात' म्हणतात आणि लेखणीला 'कलम'. त्या लेखनिकासमोरच्या दोन वस्तू तरी आपण नाव घेऊन मागू शकलो असतो.

शेवटच्या पानावर पुष्पिका असते. नक्कल कुणी केली, कुणासाठी केली, कुठल्या दिवशी पुरी झाली. कधी कधी पैशाचा हिशेबही. सोळाव्या शतकात टिंबक्टूत इब्न सीदाच्या अरबी शब्दकोशाची अनेक खंडांत नक्कल झाली, तिच्या पुष्पिकेत मजुरी लिहिलेली आहे: लेखनिकाला खंडामागे एक मिस्काल सोनं, म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम, आणि ताडून पाहणाऱ्याला अर्धा मिस्काल. मुद्रितशोधनाचा असा दर ठरलेला होता, हे पाहून छापखान्याशी संबंध आलेल्या कुणालाही बरं वाटेल.

आतला मजकूर? कुराण आणि हदीस, मालिकी कायदा, व्याकरण, सूफी स्तोत्रं हे भरपूर. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा काढण्यासाठी खगोलशास्त्र. वैद्यक. पण इतिहासकाराचे डोळे चमकतात ते फुटकळ कागदांवर: मिठाच्या लाद्यांचे सौदे, वाटणीपत्रं, माणसांच्या खरेदी-विक्रीचे करार, रागावलेली पत्रं. बहुतेक लेखन अरबीत आहे. पण सोंघाई, फुलानी, हौसा, तमाशेक या भाषाही अरबी लिपीत लिहिलेल्या सापडतात. या प्रकाराला 'अजमी' म्हणतात. आपल्याकडे एकच मराठी बाळबोधीत आणि मोडीत लिहायचे. तिथं उलट, एकाच लिपीत अनेक भाषा.

आणि लिपी तरी कशी? कैरोत अरबी शिकलेला माणूस इथला कागद हाती घेतो आणि दुसऱ्याच ओळीत अडखळतो. पूर्वेकडच्या वळणात 'फ' वर एक टिंब आणि 'क़' वर दोन. पश्चिम आफ्रिकेतल्या मगरिबी वळणात 'फ' चं टिंब खाली जातं आणि 'क़' वर एकच उरतं. म्हणजे कैरोकर ज्याला 'फ' म्हणेल तो इथला 'क़'. एका टिंबानं शब्द फिरतो. मोडी कागदांची दप्तरं ज्यांनी चाळली आहेत त्यांना ही धडपड वेगळी सांगायला नको.

संस्था सुरू झाली तेव्हा हे सगळं होतं कुठं? घराघरांत. १८९० मध्ये फ्रेंच सेनापती आर्शिनार यानं सेगू शहर जिंकलं आणि तिथल्या राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उचलून नेला. तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तीन-चार वर्षांत फ्रेंच टिंबक्टूतही आले. लोकांनी पोथ्या भिंतींत चिणल्या, वाळूत पुरल्या, गावाबाहेर पाठवल्या. लपवण्याची ही सवय स्वातंत्र्य मिळाल्यावरही गेली नाही. कुणी सरकारी माणूस दारात येऊन 'तुमच्याकडे जुनी पुस्तकं आहेत का' असं विचारू लागला, तर उत्तर ठरलेलं: नाहीत.

त्यामुळे संस्थेचं पहिलं काम विश्वास मिळवण्याचं होतं. यात सर्वांत यशस्वी ठरले अब्देल कादर हैदरा. विद्वान घराण्यातला हा तरुण १९८० च्या दशकात संस्थेत आला आणि होडीतून, उंटावरून, पायी गावोगाव हिंडला. आधी गावच्या मुख्याला भेटायचं, मग इमामाला, घाई करायची नाही. कुणाला पैसे नको असायचे, गुरं हवी असायची. मग गुरं द्यायची. हजारो हस्तलिखितं अशी संस्थेत आली. पुढे त्यांनी स्वतःच्या घराण्याचा संग्रह वेगळा उभा केला आणि इतर घराण्यांनाही तसं करायला लावलं.

हस्तलिखित आलं की नोंद होते. ऐकायला सोपं, करायला कटकटीचं. निम्म्यांना शीर्षकाचं पानच नसतं. मग सूचीकार मजकुराचे पहिले शब्द आणि शेवटचे शब्द उतरवून घेतो, कारण तेच त्या ग्रंथाच्या बोटांचे ठसे. शिवाय लेखक, लेखनिक, हिजरी साल, पानं किती, पानावर ओळी किती, लांबी-रुंदी, कसर कुठं लागली, कुठली पानं गायब. एका वेष्टनात पाच वेगवेगळे ग्रंथ बांधलेले निघतात. ते एक मोजायचं की पाच? संस्थेच्या संग्रहाची सूची लंडनच्या अल-फुरकान प्रतिष्ठाननं १९९० च्या दशकात खंडाखंडांनी छापली. तेव्हापासून टिंबक्टूत काय आहे हे टिंबक्टूबाहेरही कळू लागलं.

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी तिथं गेले, हस्तलिखितं पाहून भारावले, आणि त्यांच्या देशाच्या मदतीनं सांकोरे मशिदीजवळ संस्थेची नवी इमारत झाली. उद्घाटन जानेवारी २००९ मध्ये. तीन वर्षांनी, एप्रिल २०१२ च्या आरंभी, शहर बंडखोरांच्या आणि मग अन्सार दीन या सशस्त्र गटाच्या हाती गेलं. त्यांनी नवी इमारत राहायला घेतली.

पुढची गोष्ट जगानं ऐकली आहे: हस्तलिखितं लपूनछपून बामाकोला हलवली गेली. पत्र्याच्या ट्रंका, गाढवगाड्या, रात्रीचे प्रवास, नायजर नदीतल्या होड्या. संस्थेच्या जुन्या इमारतीत वीस हजारांहून जास्त हस्तलिखितं होती. ती हलवण्यात एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याचा मोठा हात होता. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाजरी-तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत तो रात्री पानं भरायचा आणि हातगाडीवरून पुढे पोचवायचा.

मात्र या गोष्टीच्या दोन जागी मला थांबावंसं वाटतं. एक म्हणजे, त्या गटानं सुमारे दहा महिने त्या इमारतीत मुक्काम केला आणि हस्तलिखितांना फारसा हात लावला नाही. जाळपोळ झाली ती पळताना, शेवटच्या दिवसांत. तेव्हा 'ग्रंथद्वेष्टे आले आणि पुस्तकं जाळली' एवढं सरळ ते नाही. सूफी संतांच्या कबरी मात्र त्यांनी ठरवून पाडल्या; त्याबद्दल त्या गटातल्या अहमद अल-फकी अल-महदी याला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०१६ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा दिली. तो खटला कबरींचा आणि एका मशिदीच्या दाराचा होता, पुस्तकांचा नव्हता.

दुसरी जागा आकड्यांची. खाजगी संग्रहांतून बामाकोला आणलेल्या हस्तलिखितांची संख्या पावणेचार लाखांच्या वर सांगितली जाते. अनेक अभ्यासकांना ती फुगवलेली वाटते. भांडणाचं मूळ पुन्हा तिथंच: सुटी चिठ्ठी एक मोजायची आणि तीनशे पानांचा ग्रंथही एकच मोजायचा का? खाजगी संग्रहांच्या पक्क्या याद्या आधी नव्हत्या, त्यामुळे वाद मिटत नाही. संस्थेच्या ४,२०३ वर असा वाद घालायला फारशी जागा नाही.

बामाकोत नवं संकट उभं राहिलं. टिंबक्टूची हवा कोरडी; वाळवी आणि वाळू सोडली तर कागदाला मानवणारी. बामाकोत पावसाळ्यात हवा दमट होते आणि पत्र्याच्या ट्रंकेत दाबून भरलेल्या कागदांना बुरशी धरते. लोहयुक्त शाई असेल तर तिच्यातलं आम्ल ओलाव्यानं जोर धरतं आणि अक्षरांच्या जागी कागदाला भोकं पडतात. मजकूर स्वतःलाच खातो म्हणा ना. म्हणून प्रत्येक हस्तलिखिताच्या मापाचा आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा करायचा, मऊ कुंचल्यानं धूळ झाडायची, फाटलं असेल तिथं पातळ जपानी कागद लावायचा. मग एकेका पानाचं दोन्ही बाजूंनी छायाचित्र. छायाचित्रानं मजकूर वाचतो, पण तीन चंद्रकोरी, शाईचा पोत, कागदाची जाडी हे छायाचित्रात बरेचदा येत नाही. काही घराणी तर छायाचित्र काढू द्यायलाच तयार नसतात. नक्कल फुकट मिळाली तर मूळ बघायला कोण येणार, हा त्यांचा सवाल अगदीच गैर नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये माली सरकारनं हस्तलिखितं टिंबक्टूला परत न्यायला सुरुवात केली. दोनशेहून जास्त पेट्या, सुमारे साडेपाच टन वजन. कारण दिलं ते बामाकोच्या दमट हवेचंच. शहर अजून शांत झालेलं नाही. २०२३ मध्ये सशस्त्र गटांनी त्याची नाकेबंदी केली होती. अशा वेळी कागद तिथं न्यावेत का, यावर मतं दोन असू शकतात. पेटी उघडल्यावर करायचं काम मात्र एकच: क्रमांक पाहायचा, पहिले शब्द, शेवटचे शब्द, पानं, आणि सूचीशी ताडायचं.

अहमद बाबाच्या १,६०० पुस्तकांची अशी सूची सापडलेली नाही. त्यांतली काही मोरोक्कोतल्या एखाद्या कपाटात आजही असतील. पहिल्या पानावर त्यानं मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं असेल आणि तेवढा कोपरा कसरीनं सोडला असेल, तर ती ओळखू येतील.